शेजारणीच्या पोटाचा प्रश्न

जवाहरनगर,
१४ डिसेंबर १९८२

चि. ताराचंद,

ताईचे आशीर्वाद. सासूबाईंचा गुडघा आता बरा आहे. ह्यांच्या कारखान्याच्या क्वार्टरात मार्चपर्यंत राहू देतील म्हणतात. धाकटे भाऊजी परवा पवनीहून येऊन गेले.

तुझं पत्र मिळालं. ‘दुःखात बुडालेल्या माणसाचं पोट कसं वाजतं, असं एक शेजारीण विचारते’ एवढंच मी लिहिलं, तर तू तीन पानं लिहिलीस! नागपूरला प्रयोगशाळेत तू हेच तपासत असतोस, हे मला कुठं ठाऊक? मला समजलं ते असं: नाकाला वास आला की मेंदूकडून मज्जातंतूतून पोटाला वर्दी जाते. तंतूच्या टोकाशी पेप्टाइड म्हणून काही सुटतं, ते पोटातल्या पेशींना उठवतं, त्या रक्तात संप्रेरक सोडतात आणि घास तोंडात जायच्या आधीच पोट कामाला लागतं. म्हणजे त्या बाईला कोणी विचारतच नाही. बरोबर ना?

शेजारीण मीच रे.

हे गेले त्या सकाळी ह्यांना दवाखान्यातून आणून बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. भाऊजी पोचायचे होते. बाया गप्प बसलेल्या. माझे डोळे कोरडे. दवाखान्यात नुसत्या चहावर दिवस काढले होते. तेवढ्यात पलीकडच्या क्वार्टरात कोणाच्या तरी डब्यासाठी लसणाची फोडणी पडली. तोंडाला पाणी सुटलं, आणि पोट असं गुरगुरलं की पुढे बसलेल्या बेबीबाईंनी वळून पाहिलं. शरमेनं मेल्यासारखं झालं. पुन्हा वाजेल या भीतीनं मी हंबरडा फोडला.

“रडली बाई एकदाची,” बाया म्हणाल्या. सासूबाईंनी मला कवटाळलं, त्याही रडल्या.

ते रडणं ह्यांच्यासाठी नव्हतं, ताराचंद. पोटाचा आवाज झाकायला होतं. भेटायला येणारी प्रत्येक बाई म्हणते, “काय जीव होता हिचा नवऱ्यावर!” मी मान वर करत नाही. पोटाचं तू समजावलंस. हंबरडा मात्र कोणत्या पेशीनं फोडला नाही, मीच फोडला.

काल डाळ निवडताना सासूबाईंना सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, “आयकू आलं होतं मले. कायले लाजून राहिली? तू रडली म्हून मले रडता आलं. नाही त मी दगड झाली होती.”

वाटलं, आता तरी रडू येईल. भूक लागली. दोघी जेवलो, पोटभर.

ह्यांच्यासाठी अजून न रडलेली,
तुझी ताई