गौरीच्या गोळ्या

१२ ऑगस्ट २०११
मुग्धाच्या पर्समध्ये गोळ्यांचं पाकीट. पाळी पुढे ढकलायच्या. गौरी अजून लांब आहेत, मग आत्ता कशाला? म्हणाली, "आई, ओरडू नकोस." तोवर ओरडले नव्हते. मग ओरडले.

१३ ऑगस्ट
आज नीट बोलली. दर वर्षी गौरींसाठी मीच आणून देते या गोळ्या. त्या घेतल्या की पोटात दुखत नाही, हे पोरीच्या लक्षात आलं. आता ऑफिसात महत्त्वाचं काम असलं की स्वतःच आणते. डॉक्टरला न विचारता! औषधवालाही निमूट देतो.
"एवढं दुखतं तर सांगायचं."
"सांगितलं की म्हणतेस, सगळ्यांनाच दुखतं."
दुखतंच ना? की...

१७ ऑगस्ट
डॉ. बाई तरुण, सडेतोड. आवडल्या. पाळी कधी सुरू झाली? पाचवीत, लवकरच. दोन पाळ्यांत अंतर? कमी. स्राव? खूप, लांबतो. मी मध्ये मध्ये दुरुस्त करत होते. "काकू, तिला बोलू द्या."
एंडोमेट्रिओसिस असावं म्हणतात. गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेरही वाढतं, दर महिन्याला तेही सुजतं. गोळ्यांनी दबतं. होऊ कुणालाही शकतं. पण पाळी लवकर आलेल्या, अंतर कमी असलेल्या, मूल न झालेल्या बायकांत जास्त. रक्ताच्या नात्यात असेल तरीही.
"आईला, मावशीला त्रास?"
"नाही," मी ठणकावून.
सोनोग्राफीत विशेष काही नाही. तरी २६ तारखेला पोटात दुर्बीण घालून बघायचंय.

१८ ऑगस्ट
शैला! माझी सख्खी धाकटी बहीण, आणि तरी मी डॉक्टरांना सरळ नाही म्हणाले. शाळेत असताना चादर दातात धरून पडायची. आई ओव्याचं पाणी द्यायची. पुढे मूल नाही. सासरच्यांनी दोष तिच्यावर टाकला, तपासलं कुणीच नाही. फोन केला. मोदकाच्या पिठीवर बोललो. ठेवला.

२० ऑगस्ट
कळंबोलीला शैलाकडे गेले. दारातच म्हणाली, "ताई, तू नुसती चहाला येणारी नाहीस. बोल."
सांगितलं. तिने चहाचं आधण ठेवलं. मग, "नवऱ्याजवळ जायचं तरी जीव जायचा गं. वाटायचं, मीच कमी पडते."
"बोलली नाहीस कधी."
"कुणाला? तुला?"
डॉक्टरांकडे चल म्हटलं. "मुग्धासाठी येते. माझं आता काय उरलंय."

२२ ऑगस्ट
हे म्हणतात, "गौरी होऊन जाऊ देत. घरात माणसं येणार." म्हटलं, माणसं स्वतःची ताटं वाढून घेतील. "आणि नेमकी गौरीत पाळी आली तर?" येऊ दे. गौरीही माहेरवाशीण, तिला कळेल. हे पेपर तोंडासमोर धरून बसले.
रात्री मुग्धा, "मूल होईल का, ते कळेल त्यात?" डॉ. म्हणाल्या होत्या काहींना अडचण येते, काहींना नाही. तेच सांगितलं. दुसरं काय सांगणार.

२६ ऑगस्ट
दवाखान्यात. बाकावर बसून लिहितेय. मुग्धाला आत नेलंय. शेजारी शैला, पदराशी चाळा.
"ताई, तुला कधीच नाही दुखलं?"
"नाही."
"म्हणजे माझ्याकडून गेलं पोरीकडे."
"वेड्यासारखं बोलू नकोस. तुझ्या पोटची आहे का ती?"
बोलून गेले. तिने मान खाली घातली. हात धरला तिचा. सोडवून घेतला नाही.
दार उघडलं. दोघी एकदम उठलो. दुसऱ्याच कुणाला बोलावलं.