अत्तराचा फाया

जावईबापू समाधान यांना सप्रेम जयभीम.

आज दीपालीच्या कानामागचं सडलेलं हाड डॉक्टरांनी काढलं. तुम्ही सकाळपासून म्हणताय, "मामा, कॉल सेंटरची नोकरी मीच लावली. त्या हेडफोननंच कान गेला."

तसं नाही. तिचा कान लहानपणापासून वाहायचा. ऑपरेशनला केस काढले तर स्थळ जाईल, म्हणून मीच टाळत राहिलो. तुम्ही पाहायला आलात तेव्हा वास झाकायला मीच तिच्या कानात अत्तराचा फाया ठेवला. ती नको म्हणत होती. तुमच्या आईंनी तर सुवासाचं कौतुक केलं. आता तिला माहेरी धाडू नका.

एवढं लिहिलं आणि तुम्ही चहा घेऊन आलात. पुन्हा म्हणालात, "मामा, चुकलंच माझं."

मी कागद झाकून म्हणालो, "जाऊ द्या, मी काही मनात धरलेलं नाही."

तुमचा सासरा,
रामदास