लाकडी पक्ष्यांची वाटणी करू नये

मी, खाली सही करणारी, या बेटावरच्या पक्षी-राखणदाराची पत्नी आणि ह्यांच्या मागे स्वतः राखणदार राहिलेली, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दबावाखाली नसताना हे लिहून ठेवते. शुद्धीबद्दल डॉक्टरबाईंचा दाखला सोबत आहे. हट्टीपणाचा दाखला बेटावर कोणीही देईल.

१. बँकेतली शिल्लक मुलगा व मुलगी यांनी निम्मी-निम्मी घ्यावी. निदान यावरून तरी भांडू नये.

२. ह्यांचा रंधा, पटाश्या आणि कानशी धाकट्या भावजींना द्याव्यात. भावजींनीच बेटावर मांजर आणले. "वहिनी, गरीब आहे हो, कोणाच्या अध्यात ना मध्यात," असे म्हणाले. त्या गरिबाने एका मोसमात वाळूवरच्या सुरय पक्ष्यांची पिल्ले फस्त केली. मी मांजराला होडीत घालून पलीकडे पाठवले, तेव्हापासून भावजी माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलतात. मीही विसरलेले नाही. पण पटाशीला धार लावावी ती त्यांनीच. लाकडी पक्षी कुजले, तर नवे त्यांनी कोरावेत.

३. हे लाकडी पक्षी म्हणजे काय, ते नातवंडांसाठी लिहिते. मांजराच्या धसक्याने पुढच्या वर्षी सुरय वाळूवर उतरेनात, वरच्या वर घिरट्या घालून निघून जात. खाली आपल्यातले कोणी बसलेले दिसले तरच ते उतरतात, म्हणून ह्यांनी लाकडाचे सुरय कोरले आणि मी रंगवले. होडीवाल्याने विचारले, "आता अंडीपण लाकडाचीच का?" सगळे हसले. मग एका सकाळी ह्यांनी बाहेरून हाक मारली, "अगं, चहा राहू दे, आधी इकडे ये!" एक खराखुरा नर आमच्या लाकडी मादीपुढे चोचीत मासोळी धरून उभा होता आणि ती काही घेईना. "अगदी तुझ्यावर गेलीय," हे म्हणाले आणि पोट धरून हसले. ते हसणे मला अजून ऐकू येते. आयुष्यात त्याहून सुखाची सकाळ मी पाहिली नाही.

मुलाला आणि मुलीला बाबांची आठवण म्हणून एकेक पक्षी हवा आहे. देऊ नये. एकटा बसलेला पक्षी पाहून कोणी उतरत नाही.

४. घर. समुद्र आता वर चढतो आहे. ह्यांच्या वेळी उधाणातही कोरडी राहणारी वाळू यंदा अंड्यांसकट वाहून गेली, आणि मी काठावर नुसती बघत उभी राहिले. बेटावर उंचवटा एकच आहे आणि त्यावर आमचे घर आहे. मुलाला ते पर्यटकांना भाड्याने द्यायचे आहे, मुलीला बाबांचे घर जसेच्या तसे ठेवायचे आहे. यावरून दोघांत अबोला आहे.

घर पाडावे. जोत्यावर वाळू आणि शिंपल्यांचा चुरा पसरावा आणि जागा अभयारण्याच्या नावे करावी. पुढचा मोसम लागण्याआधी हे व्हावे, नाहीतर पक्ष्यांना टेकायला जागा उरणार नाही. हे लिहिताना मला रडू येते आहे, पण मत बदललेले नाही.

मुलीने स्वयंपाकघराची खिडकी न्यावी, तिथे बसून ती अभ्यास करायची. मुलाने दाराची कडी न्यावी. उशिरा आल्यावर ती आवाज न होता उघडते, असा त्याचा समज होता.

५. मोकळ्या जोत्यावर लाकडी पक्षी मुलाने आणि मुलीनेच मांडावेत, मजूर लावू नये. एकाने पक्षी ठेवावा, दुसऱ्याने लांब उभे राहून सांगावे: जरा डावीकडे, तोंड वाऱ्याकडे. आम्ही दोघे तसेच मांडायचो. न बोलता ते जमत नाही.

स्थळ: याच घराचे स्वयंपाकघर, खिडकीजवळ
दिनांक: यंदाचे सुरय बेट सोडून गेले तो दिवस

सही: (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार:
१. दवाखान्यातली नर्स
२. होडीवाला (लाकडी अंड्यांबद्दल मीच बोललो होतो. घर पाडायच्या दिवशी दोघांना एकाच होडीतून आणीन.)