सुरमईची खरी लांबी

मी, वय वर्षे बहात्तर, मत्स्य खात्याची निवृत्त मोजणीदार, धक्क्यावर ‘फुटपट्टी’ या नावाने ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही.

१. राहते घर माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला द्यावे.

२. एकतीस वर्षांच्या नोंदवह्याही तिलाच. कोणत्या महिन्यात कोणता मासा ढिगाने येतो आणि कधी कोणाच्या पोटात गाबोळी, म्हणजे अंडी असतात, ते सगळे त्यांत आहे. गाबोळीच्या महिन्यांत तिने बापाची होडी धक्क्याला बांधून ठेवावी. तो आरडाओरडा करेल. करू द्यावा.

३. माशांच्या कानांतले खडे, काड्यापेट्या एकशे चार. खड्यावरची वलये मोजली की माशाचे वय कळते. शेजारणीने एक पेटी वाळू समजून कुंडीत ओतली. ती कुंडी जप्त करावी.

४. भावाला काहीही देऊ नये. बावीस वर्षांपूर्वी त्याने आणलेली सुरमई मी नियमाप्रमाणे तोंडापासून शेपटीच्या खाचेपर्यंत मोजली : एकशे एकोणीस सेंटिमीटर. मी गळाने धरलेली, जिचा फोटो भिंतीवर आहे, ती एकशे एकवीस. “ताई, तू माझी शेपटी खाल्लीस!” असे भर धक्क्यावर ओरडून तो गेला, तो पुन्हा माझा उंबरा चढला नाही. जिताडा नर म्हणून वाढतो आणि पुढे मादी होतो. मासा एवढा बदलतो, पण याचे मत बदलत नाही.

५. आता कबुली. माझी सुरमई मी शेपटीच्या टोकापर्यंत मोजली होती. खाचेपर्यंत ती जेमतेम एकशे दहा. जिंकला तोच होता. मला लाज वाटते आणि त्याची फार आठवण येते. भिंतीवरचा माझा फोटो उतरवून तिथे त्याच्या सुरमईचा लावावा.

६. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार नाही तोच साक्षीदार बरा. म्हणून भावाला साक्षीदार केले आहे. सहीसाठी तरी त्याला यावेच लागेल, आणि सगळे वाचल्याशिवाय तो कशावरही सही करत नाही.

ठिकाण : माझी पुढची खोली
दिनांक : बांगड्याच्या हंगामाचा तिसरा दिवस
सही : फुटपट्टी

साक्षीदार १ : जाळी विणणारा शेजारी. सही केली. कुंडी मिळणार नाही.

साक्षीदार २ : धाकटा भाऊ. ताई, वाचलं. फोटो उतरवलाय. सही आज करत नाही, उद्या येतो. उद्याही नाही झाली तर परवा येईन. चहा टाकून ठेव.