कोऱ्या मनिऑर्डरी

बाई, कुठून सुरू करावं ते कळत नाही, म्हणून पोस्टमनपासून करते. तुम्ही गावची शाळा सोडून, रिटायर होऊन ब्रह्मपुरीला राहायला गेलात त्याला बरेच दिवस झाले होते. मी वडस्याच्या राइस मिलमध्ये कामाला होते आणि सुटीला घरी आले होते. पोस्टमननं अंगणात येऊन माझं पूर्ण नाव घेतलं, तेव्हा माय हातातलं जाळं टाकून उठली. तिला वाटलं, कोणी तरी गेल्याची बातमी आहे. त्यानं नोटा हातावर ठेवल्या आणि सही घेतली. मनिऑर्डरीच्या कागदावर मजकुरासाठी जागा असते, ती कोरी होती. खाली फक्त तुमचं नाव. मिलमध्ये पंधरवडाभर गरम धानावर पाय भाजून मिळायचे जवळपास तेवढे पैसे. "शाळेतल्या बाईनं काऊन धाडले?" मायनं विचारलं. मला तरी काय माहीत. पुढच्या महिन्यात पुन्हा आले. त्याच्या पुढच्याही. "एक दिवस ह्याच्या बदल्यात मांगन पाय काईतरी," माय म्हणाली. आणि मग मलाही तसंच वाटायला लागलं.

म्हणून मी तुमच्याकडे आले. तुम्ही स्वयंपाकघरात लाखोळीच्या डाळीला फोडणी देत होतात, खिडकीत एकच ताट, एकच पेला पालथा घातलेला. मी उंबऱ्याशी उभी राहूनच विचारलं, "बाई, मी काय करू या पैशाचं? पुढं शिकू का?" तुम्ही मागे न वळता म्हणालात, "शिकावंसं वाटत असेल तर शिक." "अन् नाई वाटलं तर?" "तर नको." मला धड उत्तर हवं होतं. "शाळेत एवढ्या पोरी होत्या, माह्याच नावानं काऊन?" तुम्ही गॅस बारीक केलात आणि म्हणालात, "तुझा पत्ता पाठ होता. मला पेन्शन एकटीला पुरून उरते." मी मग आतापर्यंतच्या पैशांचं सांगायला लागले, बाबाच्या कमरेचं औषध आणलं, घरावर कवेलू टाकले. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा रागावून वळलात. चौथीत पाढा चुकल्यावर बघायचात तशाच. "मी तुझी मालकीण नाही. मला हिशेब सांगायला येणार असशील तर येऊ नकोस. जेवायला येत जा." आणि मला वाढलंत. पाहुण्यांसाठीचं ताट वरच्या फळीवर होतं, ते काढून धुवावं लागलं.

मिलमध्ये आम्ही बाया उकडलेला धान सिमेंटच्या पटांगणावर पसरून पायांनी उलटवायचो. दिवसभर तेच, एका ओळीत, बोलत बोलत. माझ्या शेजारची ओळ माझ्या मैत्रिणीची असायची. आम्ही एकाच खोलीत राहायचो, एकाच भांड्यात भात शिजवायचो. एका उन्हाळ्यात तिला ताप होता, मिलचा दिवाणजी तिला सावलीत बसू देईना. बसायचं तर घरी जा, म्हणाला, परत येऊ नको. मी त्याला म्हटलं, "मंग आमी दोघी बी जातो." माझ्या तोंडून ते कसं निघालं, मलाच समजलं नाही. वर्षभरापूर्वी निघालं नसतं. मी गमछा झटकून फाटकापर्यंत गेले आणि मागे पाहिलं, तर ती धान उलटवत होती, अंगात ताप घेऊन. खोलीवर आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून बोलली, "तुले जाता येते. मले नाई येत. तुले बाई आहे, मले कोन आहे?" मी म्हटलं, माझ्या पैशात दोघींचं भागेल. ती म्हणाली, "ते तुले धाडते. मले नाई." दुसऱ्या दिवशी मी सामान बांधलं. नंतर कानावर आलं की मिलमधल्या बाया म्हणतात, बाई-बिई काही नाही, कोणी तरी माणूसच असेल पैसे पाठवणारा. माझी मैत्रीण त्यावर काही बोलली नाही म्हणे. बाजूनंही नाही आणि विरुद्धही नाही.

त्या वर्षी पावसाळाभर मी काहीच केलं नाही. हे ऐकायला साधं वाटतं, पण आमच्या घरात काहीच न करणारी बाई त्याआधी कोणी पाहिली नव्हती. मी झोपायचे. तळपायांची कातडी निघून नवी आली. कधी बाबासोबत डोंग्यात बसून तलावात जायचे. तो जाळं टाकायचा आणि मी नुसती पाण्याकडे पाहत राहायचे. धानाच्या रोवण्याला जाणाऱ्या बाया बांधावरून आमच्याकडे बघायच्या, पण हाक मारायच्या नाहीत. मग सोयरीक आली. मुलगा बरा होता, हुंडा नको म्हणाले. चहा पिताना त्याच्या मामानं हळूच विचारलं, "ते पैसे लगनानंतर बी येतीन ना?" सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी म्हटलं, "मले मालूम नाई. अन् मले लगन बी नाई करायचं." माय आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. एवढं मोठं 'नाही' म्हणायची ताकद मला त्या कोऱ्या कागदांनी दिली होती, बाई. मात्र नाही म्हटल्यावर माणसं उठून जातात, आणि मग अंगणात आपणच उरतो. ते आधी कोणी सांगत नाही.

पुढं मी सुक्या मासोळीचा धंदा केला. गावोगावच्या तलावांवरून सुकवलेली मासोळी घ्यायची आणि आठवडी बाजारात विकायची. आभाळ भरून आलं, पोती ओली झाली, सगळ्या मालात अळ्या पडल्या. मी तो नदीकाठी खड्डा करून पुरला. तुमच्या अनेक महिन्यांच्या मनिऑर्डरी त्या खड्ड्यात गेल्या. तुमच्याकडे आले तेव्हा वाटलं, आज मात्र बोलणी ऐकावी लागणार. तुम्ही तांदूळ निवडत होतात. सगळं ऐकून म्हणालात, "फार वास आला असेल." आणि हसायला लागलात. सुपातले तांदूळ सांडेपर्यंत हसलात, मग मीही हसले. त्या घरात आपण दोघी मिळून तेवढंच एकदा हसलो. पुढच्या महिन्यात पोस्टमन आला. त्या पैशांतून वडस्याला बसस्टॅंडमागे मी दोन बाक टाकले आणि भात आणि मासोळीचा रस्सा विकायला लागले.

मग एका महिन्यात पोस्टमन आला नाही. धंद्यात जम बसत होता, पैशांवाचून अडणार नव्हतं. तरी मनात आलं की शेवटी तुम्ही रागावलात. दुसऱ्या महिन्यात मी ब्रह्मपुरीला आले. दाराला कुलूप नव्हतं म्हणून बरं वाटलं. आत तुमचा पुतण्या भांडी पोत्यात भरत होता. तुम्ही गेल्याला महिना होऊन गेला होता. "तुम्ही कोण?" त्यानं विचारलं.  विद्यार्थिनी म्हणावं तर तुम्ही शेकडोंना शिकवलेलं. नातेवाईक नव्हते, कामाला नव्हते. तोच म्हणाला, "पैसे नेणारी मुलगी का? आता काही मिळणार नाही." वाईट बोलला असं नाही, खरंच तेवढंच ठाऊक होतं त्याला. मी म्हटलं, "नाई, मी जेवाले यायची." आणि परत निघाले. मला कळवायचं कोणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं, कारण आपण एकमेकींच्या कोण, हे कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही.

आता बाकांची टेबलं झाली आहेत. दोन बाया कामाला आहेत, लग्न केलं नाही. मायबाबा गेले. हे सगळं लिहून मी कुठं पाठवणार? तरी एक सांगायचं राहिलं. तुम्ही कधीच विचारलं नाही, आणि त्यामुळेच मी उभी राहिले, हे मला पटतं. पण दर वेळी तुमच्या दारात चपला काढताना मला वाटायचं, आज विचारावं यांनी. जाब म्हणून नव्हे, घरचं माणूस विचारतं तसं. एकदा विचारलं असतंत, तर मी सांगितलं असतं की पहिल्या मनिऑर्डरीतून औषधाच्या आधी मी वडस्याला नाटकाचं तिकीट काढलं होतं, जमिनीवरचं नव्हे, पुढच्या खुर्चीचं. आजूबाजूला सगळी कुटुंबं बसली होती. मी एकटीच होते. नाटकातलं आता काही आठवत नाही. मी पूर्ण वेळ खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात ठेवून, पाठ ताठ करून बसले होते, आणि हे कोणाला सांगावं असा विचार करत होते.