वधूपित्याची अर्धी मिशी

कल्व्हर सिटी, कॅलिफोर्निया
ऑक्टोबर १९३०

तीर्थस्वरूप ओरोसियाताईस,

धाकट्या एव्हारिस्तोचा समुद्रापलीकडून सादर नमस्कार. तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि वेस्कातली आपली पावाची भट्टी, तिन्ही बरी चालली असतील अशी आशा करतो. (दाजींनी तंबाखू सोडली असं तू लिहिलं होतंस. मी विश्वास ठेवला नाही.) माझी तब्येत ठणठणीत आहे. फक्त संतापून लिहितोय, म्हणून अक्षर वाईट आलंय. ते चालवून घे आणि हे पत्र दाजींना मोठ्याने वाचून दाखवू नकोस.

नाटक कंपनी मोडल्यावर मला इथल्या एका स्टुडिओत 'भाषेचं मानाचं काम' मिळालं, असं मी कळवलं होतं. तो मान काय आहे ते आज ऐक. बिंगल आणि पॉट्स नावाचे दोन विदूषक इथे आहेत. बिंगल शिडीसारखा उंच, पॉट्स पिठाच्या पोत्यासारखा. जगात जे जे पडू शकतं त्यावरून हे दोघे पडतात आणि त्याचे लोक पैसे देतात. चित्रपट मुके होते तोवर ठीक होतं. आता ते बोलायला लागलेत, आणि इंग्रजी आपल्याकडे कुणाला कळतं? म्हणून इंग्रजीत एक चित्रपट झाला की तोच लगेच आपल्या स्पॅनिश भाषेत पुन्हा काढतात. माणसं तीच, आपटणं तेच, फक्त बोलणं आपलं. आणि त्या दोघांना आपल्या भाषेतलं 'पाणी' सुद्धा मागता येत नाही! म्हणून मी त्यांचं बोलणं इंग्रजी अक्षरांत फळ्यावर लिहायचं, फळा कॅमेऱ्याशेजारी धरून उभं राहायचं, आणि त्यांनी तो पडता पडता वाचायचा. ज्या माणसाने रंगभूमीवर तीन राजांचे मृत्यू करून दाखवले (त्यातला एक विषाने, तुला आवडला होता), तो फळा धरून उभा!

या वेळची गोष्ट अशी, की लग्नघरी हे दोघे भिंतींना कागद लावायला येतात. आता तुला ठाऊकच आहे, आपल्या भाषेत 'दमलेला' आणि 'लग्न झालेला' यांत एका 'न'चा फरक. मी तो 'न' फळ्यावर हाताएवढा मोठा काढला होता. तरी पॉट्स वधूच्या आईसमोर टोपी काढून म्हणतो, "बाईसाहेब, माझं फार म्हणजे फारच लग्न झालंय, जरा बसू का?" दिवे धरणारे आपले मेक्सिकन सुतार एवढे हसले, की एक दिवा खाली आला. मी पॉट्सला बाजूला घेऊन झापलं, तर तो शांतपणे म्हणतो, "गुरुजी, तीन बायका झाल्या माझ्या. चुकीचं काय बोललो?"

त्यानंतर बिंगल. त्याने म्हणायचं होतं, "आम्ही कागद भिंतीला चिकटवतो." आपला 'पापेल' म्हणजे कागद; त्याचा शेवट गिळला की 'पापा' म्हणजे बाबा होतो, आणि हा गाढव शेवटचं सगळंच गिळतो. त्याने छाती पुढे काढून जाहीर केलं, "आम्ही बाबांना भिंतीला चिकटवतो!" सुतार पुन्हा जमिनीवर. दिग्दर्शकाला (लोखंडी आवाजाचा माणूस, नाव क्रॅब्ट्री) आपली भाषा येत नाही. त्याने विचारलं, हसता कशाला? मी मूर्खासारखा खरं सांगून बसलो. क्रॅब्ट्रीने शिट्टी वाजवली. "मग बाबांना चिकटवूया की!"

वधूपित्याचं काम करणारे फेर्मिनसाहेब मोठे व्यवहारी गृहस्थ. खळीची बादली पाहताच त्यांच्या पाठीत कळ आली आणि ते जे घरी गेले ते परत आले नाहीत. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, मी शोकांतिकेचा नट आहे. क्रॅब्ट्री म्हणाला, "झकास, तसाच चेहरा ठेवा."

ताई, मला त्यांनी खरोखर चिकटवलं. गव्हाची खळ, डोक्यापासून बुटांपर्यंत, आणि वरून गुलाबांची नक्षी असलेला कागद. इंग्रजी चित्रपटातल्या वधूपित्याला खोटी मिशी होती. माझी खरी! बिंगलने कागद ओढून काढला तेव्हा उजवी मिशी गुलाबांबरोबर गेली. मी जे ओरडलो ते फळ्यावर नव्हतं. बिंगलच्या आजोबांपासून सुरुवात करून मी त्यांच्या घोड्यापर्यंत पोचलो. आपल्या डोंगराकडच्या खास शिव्या, आवाज पोटातून, एकही अक्षर न गिळता. मायक्रोफोनने सगळं टिपलं. सुतारांनी टाळ्या वाजवल्या. आणि क्रॅब्ट्री म्हणतो, "काय बोलले कळलं नाही, पण हेच ठेवायचं."

मी उरलेली मिशी काढायला वस्तरा मागितला, तर वस्तराच काढून घेतला! उद्याच्या दृश्यात चेहरा तोच दिसला पाहिजे म्हणे. उद्याचं दृश्य आठवडाभर चाललं. आठवडाभर मी अर्ध्या मिशीने या गावात हिंडलो. ट्राममध्ये बायका डाव्या बाजूने पाहून जागा द्यायच्या आणि उजवीकडे आल्या की उठून जायच्या. घरमालकीण मिसेस ओल्मस्टेडने अंड्याची बशी हाताएवढ्या लांबून सरकवली. चर्चमध्ये पाद्रीबाबांनी विचारलं, "प्रायश्चित्त घेताय का?" मी हो म्हणालो.

शेवटी मी राजीनामा लिहून पॉट्सच्याच हातात दिला. तो दाराबाहेरच्या पायरीवर बसून उकडलेलं अंडं खात होता. त्याने कागद वाचलाच नाही. म्हणाला, "गुरुजी, आम्ही पडतो तेव्हा लोक हसत नाहीत. पडताना कुणाचं तरी वाटोळं होतं आणि त्या माणसाला खरोखर राग येतो, तेव्हा हसतात. बाकीचे रागाचं सोंग करतात, डोळे वटारतात. तुम्ही आधी डोळे मिटून घेता, जणू देवाला विचारताय की मारू का. ते आम्हाला शिकवा ना. तुम्ही गेलात तर आम्ही दोघे नुसते पडतच राहू." तो थट्टा करत नव्हता. त्यामुळे मला जास्तच राग आला.

लॉस एंजेलिसमध्ये आपल्या लोकांचं एक थिएटर आहे. तिथे पहिला खेळ लागला. मी शेवटच्या रांगेत टोपी खाली ओढून बसलो. शेजारी काळ्या कपड्यांतली एक विधवा. मी भिंतीवर चिकटलो, मिशी गेली, शिव्या सुरू झाल्या, आणि ती बाई हसू लागली ती थांबेचना. डोळे पुसत मला म्हणाली, "माझे हे अगदी असेच चिडायचे हो. अगदी असेच." आणि ती रडू लागली. तीन राजे मेले तेव्हा आपल्या गावात तुझ्याशिवाय कुणी रडलं नव्हतं. मी उठून बाहेर आलो. माझा निर्णय पक्का आहे. या विदूषकांचं तोंड मला पुन्हा पाहायचं नाही.

तुझा अपमानित भाऊ,
एव्हारिस्तो

ता.क. पुढच्या सहा चित्रपटांचा करार काल केला. रागाच्या भरात सही झाली.

ता.क. पुन्हा. पुढच्या गोष्टीत सासू आहे. क्रॅब्ट्रीने गावातल्या सगळ्या नट्या पाहिल्या. त्या चिडल्यासारखं करतात, चिडत नाहीत. मी तुझं नाव सुचवलं. बोटीचं तिकीट स्टुडिओ देईल, भट्टी दाजींवर सोपव. अभिनय करायचा नाही. फक्त आत यायचं, आणि दाजींनी पीठ ओलं ठेवलं की त्यांच्याशी बोलतेस तसं त्या दोघांशी बोलायचं. कोण येणार आहे हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सकाळी पॉट्सने मला अर्धं अंडं दिलं, तेव्हा प्रथमच मला त्याची थोडी दया आली.