मनगटावरच चालणारं घड्याळ

धुळे, १२ जानेवारी १९६९
भुसावळहून दुपारी पोहोचले. पाचव्या गल्लीतलं दीपचंदशेठचं घर छान आहे; मला गच्चीलगतची भरपूर उजेडाची खोली मिळाली. शेठना जुनी मनगटी घड्याळं जमवायचा नाद. अस्सल कोणतं, जोडतोड केलेलं कोणतं, हे सांगायला मला ठेवलंय. हे काम मी शाळेत जायच्या आधीच वडिलांच्या, दादांच्या शेजारी बसून शिकले. शेठच्या पत्नी सूरजकाकीजींनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली आणि शेठना ऐकू जाईल असं म्हणाल्या की, घरभर घड्याळं आहेत, पण जेवायला वेळेवर कोणी येत नाही.

१४ जानेवारी
कापडण्याच्या यशोदाबाई नवऱ्याचं घड्याळ विकायला आल्या. तो मार्गशीर्षात वारला. घड्याळ पहिल्या महायुद्धाच्या काळातलं, चांदीचं. डायलवरचे अंक भिंगाखाली पाहिले, मूळचेच आहेत. दुरुस्ती केली की कारागीर झाकणाच्या आत बारीक खूण कोरतो; इथे एकही खूण नाही. चावी नुसतीच गरगर फिरते, घड्याळ बंद. तरी शेठनी घेतलं. जाताना यशोदाबाई मला हळूच म्हणाल्या की, चांगलं शे, पन हातमा घालू नको. कारण विचारलं तर पदर तोंडाला लावून निघून गेल्या.

१५ जानेवारी
शेठ म्हणाले, टेबलावर ठेवूनच मत दे. पण मनगटी घड्याळ एक दिवस हातात घातल्याशिवाय मत द्यायचं नाही, ही दादांची शिस्त. मी घातलं. पट्टा आवळताच चालू झालं.

१७ जानेवारी
काढलं की ते बंद पडतं, आणि मला धाप लागते. आज धीर करून काढलं, आतली कमानीची डबी, म्हणजे घड्याळ चालवणाऱ्या स्प्रिंगची, उघडली. रिकामी. कमानच नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली. कसंबसं पुन्हा मनगटावर बांधलं, तेव्हा श्वास मिळाला. ते कशावर चालतं हे आता मला कळतं.

२० जानेवारी
कापडण्याला जाऊन आले. यशोदाबाई रडल्या. नवऱ्याला ते एका रेल्वे गार्डाने दिलं होतं. गार्ड खंगत चालला होता. त्याने स्वतःच्या हातातून काढून लगेच नवऱ्याच्या हातात बांधलं, आणि आज तो गार्ड धडधाकट फिरतोय. नवऱ्याने विहिरीवर अंघोळीला म्हणून काढून ठेवलं, आणि बसला तो उठलाच नाही. मला म्हणाल्या, दुसराना हातमा बांध नि मोकळी हो.

२२ जानेवारी
शेठना ते मुलाच्या लग्नात घालून मिरवायचंय. मी मत दिलं: डायल रंगवलेली, यंत्र दुसऱ्याच घड्याळाचं, घालण्याजोगं नाही. आयुष्यातलं पहिलं खोटं मत. शेठ म्हणाले, भुसावळच्या लोकांना गाडीच्या घंटेपलीकडे काय कळतं. यंत्र पुन्हा उघडून पाहते म्हणून घड्याळ माझ्याकडेच ठेवून घेतलं.

२४ जानेवारी
बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. जिना चढवत नाही. दादांना कळवलं तर ते धावत येतील, आणि स्वतःच्या हातात बांधून घेतील. नाही कळवणार. दाराला कडी लावून बसते.

२५ जानेवारी
तापात कडी लावायची राहिली—
जागी झाले तो छाती मोकळी. भूक लागलेली. हात रिकामा.

काकीजी शेजारी. पट्ट्याने मनगट सुजलं होतं म्हणून सोडवलं म्हणतात. हरवू नये म्हणून स्वतःच्या हातात बांधलं. हसल्या, हसता हसता धाप लागली. ओठ निळसर—

सगळं सांगितलं. तापात बरळतेस म्हणाल्या. मागितलं तर हात पदराखाली. आधी खिचडी खा, मग देते म्हणे—

शेठना हाक मारली. पेढीवर गेलेत.

काकीजींना झोप लागली. माझ्याच अंथरुणावर. घड्याळ बांधलेला हात माझ्याकडे आहे. त्यांचा श्वास अडायच्या आत माझ्या मनगटावर बांधायला हवं. एका हाताने जमेल का— वही बाजूला ठेवते. त्या कूस बदलताहेत, हात उशीखाली जातोय, आत्ताच नाही तर—